फोनवरचा गोरा माणूस

१९७८ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या शहरात एका पोलीस डिटेक्टिव्हला पेपर चाळताना एक छोटी जाहिरात दिसली. 'कू क्लक्स क्लॅन' ही संघटना गावात शाखा काढत होती आणि तिला सभासद हवे होते. गोऱ्यांचं वर्चस्व टिकावं म्हणून माणसं मारणारी, दारासमोर क्रॉस जाळणारी हीच ती संघटना. जाहिरातीत पोस्टाचा पत्ता होता. डिटेक्टिव्हने चिठ्ठी लिहिली, तिच्यात काळ्यांबद्दल आणि ज्यूंबद्दल जमेल तेवढं विष ओतलं, आणि खाली चुकून स्वतःचं खरं नाव लिहिलं: रॉन स्टॉलवर्थ.

काही दिवसांनी पोलिसांच्या गुप्त नंबरवर फोन आला. पलीकडे क्लॅनचा स्थानिक म्होरक्या. तुम्हाला आमच्यात का यायचंय, असं त्याने विचारलं. स्टॉलवर्थने सांगितलं की माझी बहीण एका काळ्याबरोबर फिरते आणि मला ते बघवत नाही. म्होरक्या खूश झाला. अशीच माणसं हवीत, म्हणाला, भेटू या.

अडचण एवढीच होती की रॉन स्टॉलवर्थ स्वतः काळा होता. त्या पोलीस खात्यातला पहिला कृष्णवर्णीय डिटेक्टिव्ह.

पुढचे काही महिने फोनवर स्टॉलवर्थ बोलायचा आणि भेटीला त्याच्या नावाने एक गोरा सहकारी जायचा. क्लॅनचा राष्ट्रीय प्रमुख डेव्हिड ड्यूक याच्याशीही स्टॉलवर्थच्या फोनवर गप्पा व्हायच्या. सभासदत्वाचं कार्ड यायला उशीर झाला तेव्हा त्याने थेट ड्यूकलाच फोन लावला आणि ड्यूकच्या सहीचं कार्ड आलं. स्थानिक शाखेत तर हा माणूस इतका निष्ठावान ठरला की पुढचा प्रमुख यालाच करा, असं तिथला म्होरक्या म्हणू लागला.

स्टॉलवर्थने २०१४ साली यावर पुस्तक लिहिलं आणि २०१८मध्ये स्पाइक लीने त्यावरून 'ब्लॅकक्लॅन्समन' हा सिनेमा केला. त्याला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, रूपांतरित पटकथेचं ऑस्कर मिळालं. मी तो पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना लॅपटॉपवर पाहिला आणि पोट धरून हसलो. आता जवळजवळ सात वर्षांनी पुन्हा पाहिला. हसू आलं, पण त्यातलं काही हसू घशात अडकलं. का अडकलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

•

आधी जे उत्तम आहे त्याबद्दल.

सिनेमातला सगळ्यात भारी प्रसंग फोनचाच आहे. जॉन डेव्हिड वॉशिंग्टनने साकारलेला रॉन टेबलाशी बसून शांत, सराईत आवाजात शिव्यांची लड लावतो. ऑफिसातले गोरे पोलीस खुर्च्या वळवून बघायला लागतात. पलीकडच्या माणसाला फक्त मतं ऐकू येताहेत, इकडच्यांना मतं आणि माणूस दोन्ही दिसताहेत, आणि त्या दोन्हींचा एकमेकांशी मेळ बसत नाहीये. लीने हा प्रसंग घाईत उरकलेला नाही. आपल्यालाही त्या विसंगतीत थोडा वेळ बसवून ठेवलंय.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर क्लॅनच्या सिस्टीममध्ये लॉगिनला एकच फील्ड होतं. काळ्यांचा द्वेष करणारा तो गोराच असणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं. द्वेष हाच पासवर्ड. तो ज्याला माहीत, तो आत. आणि कृष्णवर्णीय माणसाला तो पासवर्ड माहीत नसणार कसा? जन्मभर तोच तर त्याच्या कानावर आदळत आलेला असतो. गोऱ्यांना काळ्यांबद्दल काय वाटतं याची सविस्तर माहिती अमेरिकेत काळ्यांइतकी दुसऱ्या कुणाला असेल? हा विनोद सिनेमाच्या मुळाशी आहे आणि तो फार हुशार आहे.

ड्यूकला शंका आली नव्हती असं नाही. एखादा काळा गोऱ्याचं सोंग घेऊन फोन करेल अशी भीती नाही का वाटत, असं स्टॉलवर्थने त्याला मुद्दामच विचारलं होतं. ड्यूक म्हणाला, छे, मला बोलण्यावरून लगेच कळतं. आणि 'आर' हा इंग्रजी शब्द काळे लोक कसा लांबवून उच्चारतात, याचं प्रात्यक्षिकही दिलं. कुणाला? एका काळ्या माणसाला. सिनेमात हे आहे आणि स्टॉलवर्थच्या म्हणण्याप्रमाणे हे खरंच घडलं.

ड्यूक इथे विनोदी वाटतो, पण आवाजावरून वंश ओळखणं ही अमेरिकेत रोजची बाब आहे. जॉन बॉ हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ. घर शोधताना फोनवर 'या, बघा' म्हणणारे घरमालक प्रत्यक्ष पाहिल्यावर जागा गेल्याचं सांगतात, हा त्यांचा अनुभव. त्यातून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात एक प्रयोग केला, जो १९९९ साली प्रसिद्ध झाला. भाड्याच्या घरांसाठी एकाच माणसाने, म्हणजे बॉ यांनीच, तीन वेगवेगळ्या बोलींत फोन केले: प्रमाण इंग्रजी, काळ्यांची इंग्रजी आणि मेक्सिकन वळणाची इंग्रजी. गोऱ्या वस्त्यांमध्ये प्रमाण इंग्रजीला भेटीची वेळ मिळायची, बाकी दोन आवाजांना खूप कमी वेळा. माणूस तोच, प्रश्न तोच. पुढे असंही दिसलं की नुसत्या 'हॅलो'वरून ऐकणारे दहापैकी सुमारे सात वेळा बोली बरोबर ओळखतात.

म्हणजे अंदाज बरेचदा बरोबर निघतो. आणि खरी अडचण तीच आहे.

•

आपण सहसा म्हणतो की माणसाबद्दल आधीच अंदाज बांधणं वाईट, कारण ते चुकतात. मी डेटावर काम करतो. अंदाज बांधणं हेच माझं पोट आहे. म्हणून सांगतो, ते चुकतात हा युक्तिवाद फार टिकत नाही.

२०१३ साली मिखाल कोसिन्स्की आणि दोन सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. अमेरिकेतल्या ५८ हजारांहून जास्त लोकांनी स्वतःहून दिलेले फेसबुक लाइक्स त्यांनी तपासले. एक काळा आणि एक गोरा माणूस समोर ठेवला, तर कोण काळा ते नुसत्या लाइक्सवरून ९५ टक्के वेळा बरोबर सांगता येत होतं. डेमोक्रॅट की रिपब्लिकन, हे ८५ टक्के वेळा. लाइक्स म्हणजे काही फक्त राजकीय मतं नव्हेत, त्यात गाणी आली, सिनेमे आले. पण दिशा लक्षात येते. फेसबुकनेही हेच केलं. वापरणाऱ्यांना त्यांचा वंश कधी विचारला नाही. ते कशात रस घेतात यावरून त्यांना एक 'वांशिक जवळीक' चिकटवली. त्या लेबलाचा वापर करून घरांच्या जाहिराती काळ्यांना दिसणार नाहीत अशी सोय जाहिरातदारांना मिळत होती, हे २०१६मध्ये 'प्रोपब्लिका'च्या पत्रकारांनी उघड केलं. २०१९मध्ये अमेरिकन सरकारच्या गृहनिर्माण खात्याने भेदभावाचा ठपकाही ठेवला. इथे अन्याय झाला तो अंदाज चुकल्यामुळे नव्हे. अंदाज बहुतांशी बरोबर होता म्हणून तर तो अन्यायाच्या कामाचा होता.

आता मतांवरून वंश ओळखण्याकडे येऊ. २००८ ते २०२० या काळातल्या अध्यक्षीय निवडणुकांमध्ये साधारण दहापैकी नऊ कृष्णवर्णीय मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाला मत दिलं. हे ऐकून आपलं डोकं लगेच वाक्य उलटं करतं: डेमोक्रॅट म्हणजे काळा असणार. पण काळे अमेरिकेच्या लोकसंख्येत १३-१४ टक्केच आहेत. डेमोक्रॅटिक मतदारांतही बहुसंख्य गोरेच. 'काळ्यांपैकी किती डेमोक्रॅट' आणि 'डेमोक्रॅटांपैकी किती काळे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संभाव्यता शिकवणारा कुठलाही मास्तर पहिल्याच आठवड्यात हे फळ्यावर लिहितो आणि आपण ते परीक्षेनंतर विसरतो.

दुसरी बाजू मात्र वेगळी आहे. 'रिपब्लिकन आहे, म्हणजे काळा नसणार' हा अंदाज जवळजवळ नेहमी बरोबर येतो. मग उरतात ते थोडे लोक, ज्यांच्या बाबतीत तो येत नाही. माझ्या कामात अशा नोंदींना आउटलायर म्हणतात. आलेख बिघडवतात म्हणून आपण त्या बरेचदा काढून टाकतो. माणसांच्या बाबतीतही तेच घडतं, फक्त तिथे डिलीटचं बटण नसतं. तिथे म्हणतात, 'हा खरा आपल्यातला नाहीच.'

मे २०२०मध्ये जो बायडन एका रेडिओ कार्यक्रमाच्या कृष्णवर्णीय निवेदकाला म्हणाले की मला की ट्रम्पला, हे ठरवणं ज्याला कठीण जातंय, तो काळाच नव्हे. त्याच दिवशी त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण तोपर्यंत सत्तरी ओलांडलेल्या एका गोऱ्या माणसाने काळं कोण हे मतावरून ठरवून टाकलं होतं. क्लॅनचा म्होरक्या आणि बायडन यांना एका रांगेत बसवायचं नाही मला. एकाला काळे नको होते, दुसऱ्याला त्यांची मतं हवी होती. पण लॉगिनचं फील्ड मात्र तेच होतं.

•

हे डोक्यात ठेवून 'ब्लॅकक्लॅन्समन' पुन्हा पाहिला की त्याची एक गंमत आणि एक पळवाट दोन्ही दिसतात.

सिनेमाच्या सुरुवातीला रॉनला गुप्त कामगिरीवर पाठवतात ते क्लॅनकडे नव्हे. कृष्णवर्णीय चळवळीचा नेता क्वामे तुरे, म्हणजे आधीचा स्टोकली कारमायकल, याच्या भाषणाला अंगावर मायक्रोफोन लपवून बसायला. स्टॉलवर्थच्या पुस्तकातही त्याची पहिली गुप्त कामगिरी हीच आहे. म्हणजे हा माणूस आधी स्वतःच्या लोकांमध्ये पोलिसांचा कान म्हणून बसला. तिथे त्याचा रंग पासवर्ड होता. काळा दिसतोय म्हणजे आपल्याच मताचा असणार, असं सभागृहातल्यांनी गृहीत धरलं. क्लॅनने मतावरून रंग ओळखला, चळवळीने रंगावरून मत. दोघांचीही फसगत त्याच माणसाने केली. हा आरसा सिनेमाच्या हातात आयता आला होता.

पण ली तो आरसा थोडा तिरका धरतो. भाषण ऐकता ऐकता रॉन भारावतो, टाळ्या वाजवतो, आणि वरिष्ठांना सांगतो की यात धोकादायक काही नाही. पेट्रिस ही विद्यार्थी नेता त्याला आवडते. पोलीस खात्यात राहून आपल्या लोकांसाठी काही करता येतं का, यावर दोघांचा वाद होतो. तिचं उत्तर ठाम 'नाही' आहे. वाद खरा आहे, दोन्ही बाजूंना वजन आहे. शेवटी तो पोलीस असल्याचं कळल्यावर ती नातं तोडायला निघते, तेवढ्यात दारावर थाप पडते. दोघं पिस्तुलं काढतात आणि शेजारी शेजारी कॉरिडॉरमधून पुढे सरकतात. खिडकीबाहेर क्रॉस जळतोय. समोरचा शत्रू इतका मोठा की वाद संपलाच. सिनेमा तिथून थेट २०१७च्या शार्लट्सव्हिलच्या खऱ्या चित्रणावर जातो, जिथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्च्याला विरोध करणाऱ्यांवर गाडी घातली गेली होती आणि एका स्त्रीचा जीव गेला होता. त्यानंतर रॉन आणि पेट्रिसच्या वादाबद्दल विचार करायला कुणाकडे सवड उरत नाही.

दिग्दर्शक बूट्स रायलीने २०१८मध्ये यावरच बोट ठेवलं. रायली स्वतः कृष्णवर्णीय, डाव्या विचारांचा, आणि त्याच वर्षी त्याचा 'सॉरी टू बॉदर यू' आला होता, ज्यात एक काळा टेलिमार्केटर 'गोरा आवाज' काढून माल विकतो. त्याचा आक्षेप असा की खऱ्या स्टॉलवर्थने कृष्णवर्णीय क्रांतिकारी संघटनांमध्ये घुसून त्यांना पोखरण्याचं काम केलं होतं, आणि सिनेमाने तो भाग पुसून त्याला नायक केलं. बॉम्बचा कट, वर्णद्वेषी पोलिसाला सगळ्यांनी मिळून पकडणं, गोऱ्या सहकाऱ्याचं ज्यू असणं, हे सगळं सिनेमासाठी रचलेलं आहे, हेही त्याने दाखवून दिलं. तथ्यांबाबत रायलीचं बरंचसं बरोबर आहे.

माझी तक्रार थोडी वेगळी आहे. पोलिसाला चांगला दाखवला याचं मला तेवढं दुःख नाही. पण काळा माणूस, जो पोलिसांवर विश्वास ठेवतो आणि चळवळीवर पूर्ण ठेवत नाही, असा रॉन सिनेमाला शेवटपर्यंत सोसवला नाही. त्याचं मत त्याच्या रंगाशी जुळवून घेतल्याशिवाय लीला चैन पडत नाही. फ्लिप या सहकाऱ्याचं तेच. ॲडम ड्रायव्हरने ही भूमिका फार संयमाने केली आहे. आपण ज्यू आहोत याचा कधी विचारच न केलेला हा माणूस क्लॅनमध्ये ज्यूंना शिव्या देता देता स्वतःकडे नव्याने बघू लागतो. प्रसंग सुंदर आहे. पण हिशेब तोच: ज्याच्या अंगात जे रक्त, तेच मत अखेर वर यायला हवं. मतावरून वंश ओळखणाऱ्या मूर्खांना हसणारा सिनेमा वंशावरून मत ठरवून मोकळा होतो.

•

या चौकटीत न बसणाऱ्या माणसांचं काय होतं हे बघायचं तर क्लॅरेन्स थॉमस यांच्याकडे बघावं. जॉर्जियातल्या पिन पॉइंट या छोट्या वस्तीत १९४८ साली जन्म, आजोबांनी वाढवलं. कॉलेजात असताना माल्कम एक्सचे चाहते, तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. पुढे येलमधून कायद्याची पदवी. १९९१पासून सर्वोच्च न्यायालयात. आणि तिथे त्यांनी वर्षानुवर्षं वंशाधारित प्रवेशसवलतींच्या विरोधात लिहिलं.

हे कळलं की बहुतेकांचं ऐकणं थांबतं. गोऱ्यांचा हस्तक, आतून गोरा, असे शेरे त्यांच्यावर तीस वर्षं मारले गेले आहेत. कोरी रॉबिन हा डावा अभ्यासक त्यांच्या मतांचा कडवा विरोधक. पण त्याने २०१९मध्ये थॉमस यांच्यावर पुस्तक लिहिताना एक कष्टाचं काम केलं: त्यांचे निकाल खरंच वाचले. त्याचा निष्कर्ष असा की थॉमस यांची मतं गोऱ्यांकडून उसनी घेतलेली नाहीत, ती कृष्णवर्णीय राष्ट्रवादाच्याच एका निराश फाट्यातून येतात. गोरा समाज कधीच बदलणार नाही, त्याच्या मेहेरबानीचा शिक्का अंगावर घेऊ नका, असं काहीसं. २००३च्या खटल्यातलं त्यांचं विरोधी मत फ्रेडरिक डग्लस या गुलामगिरीतून निसटलेल्या नेत्याच्या शब्दांनी सुरू होतं. येलच्या पदवीच्या चौकटीवर त्यांनी सिगारच्या पाकिटावरचं पंधरा सेंटचं किंमतीचं लेबल चिकटवलं होतं, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. सवलतीतून आलेला म्हणून माझ्या पदवीची बाजारात तेवढीच किंमत, असा त्यांचा राग.

मला हा युक्तिवाद पटत नाही. पदवीची किंमत कमी लावणाऱ्या मालकांना सोडून देऊन सवलतच काढून टाकायची, हा न्याय उलटा आहे. पण हे म्हणण्यासाठी आधी तो युक्तिवाद ऐकावा लागतो. 'हा काळाच नाही' असं म्हटलं की ती कटकटच वाचते. २०२३मध्ये याच प्रश्नावरच्या निकालात थॉमस यांनी सवलतींविरुद्ध लिहिलं आणि केतांजी ब्राऊन जॅक्सन यांनी सवलतींच्या बाजूने. दोघंही कृष्णवर्णीय, दोघांनीही एकमेकांचं नाव घेऊन मुद्देसूद उत्तरं दिली. ज्या दोघांना एकमेकांना 'तू आपल्यातला नाहीस' म्हणता आलं असतं, त्यांनी पानंच्या पानं खर्चून वाद घातला.

त्यांच्या खूप आधी झोरा नील हर्स्टन या कादंबरीकार बाईंनी असाच धक्का दिला होता. शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालावर त्यांनी पुढच्या वर्षी 'ऑरलँडो सेंटिनेल'ला पत्र लिहून टीका केली. गोऱ्याच्या शेजारी बसल्याशिवाय काळं मूल शिकणार नाही हे गृहीतकच त्यांना अपमानाचं वाटलं. त्या वाढल्या फ्लोरिडातल्या ईटनव्हिलमध्ये, जे काळ्यांनी स्वतः वसवलेलं आणि स्वतः चालवलेलं गाव. त्यांचं मत तिथून आलेलं. भेदभाव हवा असणाऱ्या गोऱ्यांनी ते पत्र आनंदाने वापरलं, हेही खरं. मत कुठून आलं आणि ते कुणाच्या कामी आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. पहिली न विचारता दुसरीवरून माणूस ठरवणं तेवढं चुकीचं.

•

हे सगळं अमेरिकेतलं. पण मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केलं, १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. तिकडची वर्णव्यवस्था बघताना इकडची जातव्यवस्था आठवणं ही आपली जुनी सवय आहे. आणि मतावरून जात काढण्यात आपण कोलोरॅडोच्या क्लॅनच्या कैक पावलं पुढे आहोत. मत ऐकलं की पुढचा प्रश्न, 'पूर्ण नाव काय तुमचं?'

त्यात मीही आहे. माझ्या टीममध्ये माझ्यापेक्षा तीनेक वर्षांनी मोठा एक जण आहे. आडनाव गावाला 'कर' लावून झालेलं, ज्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. एकदा चहाला उभे असताना ॲडमिशनचा विषय निघाला. तो म्हणाला, "कॅटेगरी हा शब्द ऐकला ना, की मला उठून जावंसं वाटतं." बस्स. माझं लॉगिन फील्ड भरलं. हा ओपनवाला, आरक्षणविरोधी. मी स्वतः ओपनमधला, आणि ओपनमधला असून आरक्षणाच्या बाजूने बोलतो याची मला जरा जास्तच ऐट. पुढचे कित्येक महिने मी त्याला जमेल तिथे डोस पाजले. शाहू महाराजांचं १९०२, मंडल आयोग, सगळं. तो ऐकून घ्यायचा आणि कप डस्टबिनमध्ये टाकून जागेवर जायचा.

मग त्याच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही त्याच्या गावी गेलो. घरात शिरताच समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मला कुठे बघावं कळेना. रात्री गच्चीवर मीच विषय काढला. तो म्हणाला, पहिल्या वर्षी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर यादी लागली होती, नावासमोर कॅटेगरीचा रकाना. "चार वर्षं त्या रकान्याने माझी पाठ सोडली नाही. मी त्या रकान्याबद्दल बोलत होतो. आरक्षणाबद्दल तू बोलत होतास."

मी म्हणालो, हे आधी सांगायचंस ना, आता तुझं म्हणणं मला समजलं. त्यावर तो हसला. "वाक्य तेच आहे रे. मध्ये फक्त भिंत बघितलीस तू."

हे माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते शब्दशः खरं होतं. चहाच्या टपरीवर ते वाक्य मला प्रतिगामी वाटलं आणि गच्चीवर वेदनेचं. दोन्ही वेळा मी त्याला 'म्हणजे काय?' एवढं विचारलं नव्हतं. पहिल्यांदा मी त्याची जात चुकीची ओळखली, दुसऱ्यांदा बरोबर. ऐकलं मात्र दोन्ही वेळा नाही.

कोण बोलतंय याला काहीच महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. नोटीस बोर्डाचा रकाना मला कधी टोचला नाही, तो टोचणं काय असतं ते त्याच्याकडूनच कळणार. पण अनुभव विचारून घ्यायचा असतो, मतावरून ओळखायचा नसतो. २५ डिसेंबर १९२७ला महाडमध्ये मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते ब्राह्मण होते. नुसता ठराव ऐकून मांडणाऱ्याची जात ओळखायला बसलेला माणूस त्या दिवशी हमखास चुकला असता.

•

सिनेमाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. रॉन ड्यूकला शेवटचा फोन करतो आणि सांगून टाकतो की इतके दिवस तू एका काळ्याशी बोलत होतास. सगळे पोलीस फोनभोवती जमून हसतात, ड्यूकचा चेहरा पडतो. आपल्यालाही गारगार वाटतं. प्रत्यक्षात हा फोन झालाच नाही. तपास बंद करून कागद नष्ट करायचा आदेश आला. स्टॉलवर्थने काही कागद घरी नेले, ड्यूकच्या सहीचं कार्ड पाकिटात ठेवलं आणि २००६पर्यंत कुठे वाच्यता केली नाही. तोवर ड्यूकच्या डोक्यात रॉन स्टॉलवर्थ नावाचा एक निष्ठावान गोरा माणूस सुखाने नांदत असणार. खऱ्या गोष्टीत मूर्खाला आपला मूर्खपणा कळण्याचं समाधान नाही, आणि मला ती गोष्ट सिनेमापेक्षा जास्त खरी वाटते. आपले बहुतेक अंदाज असेच न तपासता आपल्याबरोबर म्हातारे होतात.

गेल्या महिन्यात हा सिनेमा आम्ही दोघांनी मिळून पुन्हा पाहिला, त्याच्याच फ्लॅटवर. फोनच्या या प्रसंगाला मी हसलो. तो हसला नाही. माझ्या तोंडावर आलंच होतं की हो, तुला कसं हसू येणार. ते गिळलं आणि विचारलं, "का रे, नाही आवडला?"

"आवडला की," तो म्हणाला. "पण त्याचे ते फोनभोवती हसणारे मित्र बघ. उद्या सकाळी ते ड्यूटीवर कोणत्या वस्तीत जाणार आहेत, ते सिनेमाने दाखवलं नाही."

सिनेमा थांबवून आम्ही त्यावर तासभर भांडलो. शेवट अजून बघायचा राहिलाय.